बडनेऱ्याची पहाट आणि माझी सायकल

बडनेरा पाहायला म्हणून कुणी येत नाही. मुंबई–नागपूर मार्गाने जाणाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं ते एवढ्यापुरतं, की इथे उतरायचं आणि अमरावतीची गाडी धरायची. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, पण वाटेत अमरावतीसारखं कापसाचं मोठं पेठेचं गाव त्याने दहा-एक किलोमीटर बाजूला टाकलं. तेव्हापासून बडनेऱ्याच्या नशिबी 'गाडी बदलायचं गाव' ही ओळख आली ती आलीच. आता आम्ही अमरावती महानगरपालिकेत मोडतो, १९८३ पासून इथे इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, तरी पाहुणे विचारतात ते, "गाडीला किती वेळ आहे?"

माझं सासर बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत. लग्न होऊन आले त्याला सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मी बडनेरा किती पाहिलं होतं? घर, भाजीबाजार, मुलांची शाळा, दवाखाना आणि माहेरी जायचं म्हणून स्टेशन. रुळांपलीकडच्या जुन्या वस्तीत हळदीकुंकवाला दोन-चारदा गेले असेन, तीही रिक्षातून. मैत्रिणींनो, खरं सांगते, हे गाव मी नीट पाहिलं ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॅन्सरची औषधं अंगात चालू असताना आणि सायकलवरून.

दुखण्याची गोष्ट लांबवत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आंघोळीच्या वेळी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी चार महिने गप्प बसले. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते हा माझा समज. उलट, स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला नंतर कळलं. दिवाळीच्या साफसफाईत हात वर करताना काखेत ओढ बसली, तेव्हा यांना सांगितलं. हे रेल्वेत आहेत. त्यांनी काही न बोलता मुंबईचं रिझर्व्हेशन केलं.

त्या रात्री फलाटावर मी प्रथमच एक गोष्ट पाहिली. मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत तीन-चार माणसं अशी होती, की त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली मोठी फाईल छातीशी धरली होती. सामान खाली ठेवत होते, फाईल नाही. एरवी मला ती दिसलीही नसती. आता माझ्याही मांडीवर तशीच पिशवी होती.

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासूनचं. बाहेरगावच्या रुग्णांचा तिथे खरा प्रश्न असतो तो राहायचं कुठे हा. आमची सोय दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत झाली. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. १९५६ मध्ये वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि समाधीही अमरावतीतच आहे. एवढ्या लांब, त्या अफाट मुंबईत, आपल्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्याने आपल्याला अंथरूण घालून दिलं असं मला वाटलं आणि त्या रात्री प्रथम रडू आलं. शेजारच्या खाटेवर बंगालमधली एक बाई होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने लिंबू कापून दिलं.

ऑपरेशन तिथे झालं. पुढची औषधं, म्हणजे केमोथेरपी, इकडे घरापासून जवळ घ्यायची ठरली. दर तीन आठवड्यांनी एक, अशा आठ. पहिली चार लाल रंगाच्या औषधाची. ते बाटलीतून नळीत उतरताना पाहिलं की रसना सरबताची आठवण येते. त्यानंतर कित्येक महिने मी लाल सरबत घरात आणू दिलं नाही.

घरी आल्यावर मला पलंगावर घातलं. हा शब्द मुद्दाम वापरते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा हुकूम होता, "दुखन्याच्या मानसानं पडून राहावं. हलाचं नाही." जाऊ स्वयंपाक करी, मुलगी केर काढी, हे पाण्याचा पेला हातात देत. मायाच होती ती, पण दुसऱ्या औषधानंतर माझी अशी गत झाली की न्हाणीघरापर्यंत गेले तरी मांड्या थरथरत. थकवा येतो म्हणून पडून राहायचं, आणि पडून राहिल्याने आणखी थकवा. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "औषधाचा थकवा वेगळा आणि पडून राहण्याचा वेगळा. पहिल्याला माझ्याकडे फारसा उपाय नाही, दुसऱ्याला तुमच्याकडे आहे. रोज चाला."

आता आमच्या गल्लीत चालणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्याच दिवशी सहा फाटकांपाशी थांबावं लागलं. "कसं वाटते वो आता?" "केस सगळे गेले काय?" एकीने तर माझ्यासमोरच आपल्या चुलतबहिणीच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन केलं. मनानं वाईट नव्हत्या त्या. पण मी दमून परत आले ती चालण्याने नव्हे.

पडवीत एक निळी सायकल होती. नणंदेच्या मुलीला शाळेतून मिळालेली, ती कॉलेजला गेल्यावर आमच्याकडे पडून राहिलेली. सीट खाली, पुढे टोपली, नळी वाकडी, म्हणजे पाय वर टाकायला नको. लहानपणी दर्यापूरला बाबांच्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून मी 'कैची' चालवत असे. दहावीनंतर ती सुटली. त्या निळ्या सायकलकडे पाहताना माझ्या मनात इतकंच आलं, की सायकलवरच्या बाईला कुणी फाटकापाशी थांबवू शकत नाही. घंटी वाजवायची आणि पुढे जायचं.

डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय मात्र हात लावला नाही. त्यांनी जखम पाहिली, हात पूर्ण वर जातो का ते पाहिलं, हृदयाची सोनोग्राफी झालेली होती ती पुन्हा वाचली. लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून ती तपासणी. मग म्हणाल्या, "चालवा. पण पडू नका." प्लेटलेट कमी असताना पडलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. ज्यांचा आजार हाडांत गेला आहे त्यांनी तर रस्त्यावर सायकल काढूच नये, असंही त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठी एका जागी उभी असणारी, व्यायामाची सायकल बरी, तीही विचारूनच.

पहिल्या पहाटे मी साडेपाचला उठले. डोक्याला सुती दुपट्टा, वर मुलाचं हेल्मेट, अंगात सलवार-कमीज. हँडल मिस्त्रीकडून थोडं उंच करून घेतलं होतं, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर भार येत नाही. आणि मुठी गच्च आवळायच्या नाहीत. काखेतल्या गाठी काढल्या असल्या की हात सुजायची भीती असते. पूर्वी तर अशा बायकांना त्या हाताने पाण्याची कळशीही उचलू देत नसत. २००९ मध्ये अमेरिकेत १४१ बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावून पाहिलं, तर हाताची सूज वाढली नाही. ही माहिती माझ्या पुतणीची. ती फिजिओथेरपी शिकते, आणि मी काय वाचावं हे हल्ली तीच ठरवते.

फाटकाची कडी काढली तर ओट्यावर आत्याबाई.

"कुठी चालली वं?"

"इथंच. गल्लीच्या टोकापर्यंत."

"सायकलीवर? लोक काय म्हंतीन?"

मी काही बोलले नाही. त्याही थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते या घरात सव्वीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "माह्या बहिनीले हेच होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली होती तिले. ताट येगळं, तांब्या येगळा. सा महिने पडून होती. मले आत जाऊ देत नव्हते." माझं ताट त्यांनी एक दिवसही वेगळं केलं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. हा आजार शिवल्याने होत नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. शेवटी म्हणाल्या, "अमरावतीची गाडी याच्या आंधी परत येजो."

आमच्या घरात घड्याळापेक्षा गाडीवर वेळ मोजतात. पहाटेची ती गाडी यायला तेव्हा वीस मिनिटं होती. तेवढंच माझं राज्य.

पहिल्या आठवड्यात मी गल्लीचं टोक गाठलं, दुसऱ्यात स्टेशनचा रस्ता. पहाटेचं स्टेशन बाहेरून पाहिलंय का तुम्ही? रात्रीच्या गाडीने उतरलेली माणसं पायऱ्यांवर पाय पसरून बसलेली, एखादी लेकुरवाळी पदराआड पोर घेऊन, रिक्षावाले एकमेकांच्या विड्या पेटवून देताहेत, चहाच्या पातेल्यातून आल्याचा वास. एरवी त्या वासाने मला मळमळत असे. सायकलवर वारा समोरून येतो, वास मागे राहतो. हा एक फायदा पुस्तकात लिहिलेला नाही.

मग एक दिवस रूळ ओलांडून जुन्या वस्तीत गेले. अरुंद बोळ, मातीच्या भिंती, एखाद्या जुन्या वाड्याचा नुसता दरवाजा उभा. नव्या वस्तीतल्या आम्ही बायका जुन्या वस्तीला थोडं नाक मुरडतो, उगाच नाकारू कशाला. पण तिथल्या ओट्यावर दात घासत बसलेल्या एका म्हातारीने मला पाहून तोंडातली राखुंडी थुंकून विचारलं, "हवा कमी हाये वो बाई, मागच्या चाकात." बस, इतकंच. डोक्यावरच्या दुपट्ट्याकडे तिने पाहिलंच नाही. त्या सबंध महिन्यात माझ्याविषयी नव्हे तर माझ्या चाकाविषयी बोलणारी ती पहिली बाई.

रोज जात होते असं मात्र समजू नका. औषधानंतरचे चार-पाच दिवस तर डोकं वर निघत नसे. पुढचा आठवडा रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा अंगणातच फेऱ्या मारायच्या, गर्दीत जायचं नाही. ताप शंभरच्या वर गेला, तर 'उद्या पाहू' न म्हणता लगेच दवाखाना गाठायचा. थर्मामीटर मी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला होता, म्हणजे सापडायला हवा तेव्हा सापडतो. उरला तिसरा आठवडा. तो सायकलचा. तीन आठवड्यांत सात-आठ पहाटा, एवढाच माझा पराक्रम.

एकदा हे गणित मी मोडलं. तिसऱ्या लाल औषधानंतर नवव्याच दिवशी बरं वाटलं, म्हणून आत्याबाई उठायच्या आधी निघाले आणि हौसेने अंजनगाव बारीच्या रस्त्याला लागले. कॉलेज दिसायच्या आत कानात घुर्र आवाज सुरू झाला, डोळ्यांपुढे काजवे. कशीबशी उतरले आणि सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसले. दूध घेऊन येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्या पोराने यांना फोन लावला. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं होतं. रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि बरोबर रागावल्या. हे मात्र एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलची साखळी काढून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन पुन्हा चढवत बसलेले दिसले. आमच्या यांची बोलण्याची तऱ्हा ही.

पडून असताना पुतणीने बरंच वाचून दाखवलं. कोपनहेगनमध्ये केमोथेरपी चालू असलेल्या २६९ रुग्णांचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २००९ मध्ये छापून आला. निम्म्यांना सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला, त्यात एका जागची सायकलही होती. त्यांचा थकवा कमी झाला, अंगात ताकद आली. एकूण आयुष्याविषयीच्या समाधानात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मला तो अभ्यास खरा वाटला. सायकल चालवून आल्यावरही मला भीती वाटायचीच. फक्त भीती वाटणाऱ्या बाईच्या पायांत जोर असायचा. अलीकडे, २०२५ मध्ये, आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपी संपल्यावर ज्यांना तीन वर्षं नेटाने व्यायाम करायला मदत केली, त्यांच्यातले १०० पैकी ८० जण पाच वर्षांनी आजाराशिवाय होते. ज्यांना नुसतं माहितीपुस्तक दिलं त्यांच्यात हे प्रमाण ७४. तो आतड्याचा, माझा स्तनाचा, तेव्हा हे आकडे मी माझ्या नावावर लावून घेत नाही.

मुलाने अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगचं नाव काढलं होतं. १९९६ मध्ये कॅन्सर, मग सायकलच्या शर्यतीची सात विजेतेपदं. २०१२ मध्ये उत्तेजक औषधांपायी ती सगळी काढून घेतली. मला ते उदाहरण आधीही नको होतं. आजारी बाईने कुणाला हरवायचं आहे?

गंमत अशी, की आमच्या भागाला व्यायाम शिकवायला परदेशातून कुणी यायला नको. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्याचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. माझे सासरे तरुणपणी तिथल्या उन्हाळी वर्गाला जात. भिंतीवर त्यांचा लाठी घेतलेला फोटो आहे. त्याच भिंतीखाली माझा पलंग होता, आणि मला हलू द्यायचं नाही असं ठरलेलं होतं.

पुढची चार औषधं वेगळी. त्यांनी मळमळ कमी झाली, पण बोटांच्या टोकांना आणि तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. ब्रेक दाबला की नाही ते बोटांना कळेना. तेव्हा मी रस्ता सोडला आणि शाळेच्या रिकाम्या मैदानात गोल फिरू लागले. मार्च संपता संपता वऱ्हाडातला उन्हाळा सुरू झाला, पाचलाच निघावं लागे. शेवटच्या औषधापर्यंत मे उजाडला होता, आणि मे महिन्यात बडनेऱ्यात सायकल चालवणं हा शहाणपणा नव्हे. महिनाभर ती पडवीतच राहिली. मग रेडिएशनसाठी नागपूरला बहिणीकडे. तिथे फक्त संध्याकाळी गच्चीवर चालणं. छातीची कातडी उन्हात करपल्यासारखी झालेली, तिला घाम सोसत नसे.

परत आले तेव्हा पाऊस लागला होता. केस बोटभर आले होते, कुरळे. माझे केस कधीच कुरळे नव्हते.

अंजनगाव बारीच्या रस्त्याने पुढे गेलं की कोंडेश्वर लागतं. डोंगराच्या कुशीत, झाडीत, महादेवाचं जुनं देऊळ. श्रावणी सोमवारी तिथे माणूस मावत नाही. त्या रस्त्यावर मी एकदा पडता पडता वाचले होते, म्हणून तोच गाठायचा असं मनाशी होतं. २०२४ च्या श्रावणात कॉलेजपर्यंत गेले. इमारती मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी, गुडघ्याएवढी, आणि तिच्या तासांमधून तूर. कुणाची तरी बैलजोडी वाटेत उभी. लांबवर पावसाने धुतलेला डोंगर. मागच्या वेळी जिथे बसले होते तो दगड ओळखू आला. त्यावर आता कुणी तरी डबा ठेवून डवरायला गेलं होतं. मी थांबले नाही. पण देवळापर्यंतही पोचले नाही. पुढे चढ होता आणि मागे आत्याबाई.

आता दर सहा महिन्यांनी तपासणीला मुंबईला जावं लागतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये बेलोऱ्याहून मुंबईची विमानं सुरू झाली, म्हणून मुलगा म्हणतो, आई, उडत जा. पण आम्हाला रात्रीची गाडीच बरी वाटते. फलाटावर फाईल छातीशी धरून कुणी दिसलं की मी जवळ जाऊन बसते. कसं वाटतं, केस गेले का, हे विचारत नाही. सायकल येते का, एवढंच विचारते. बहुतेक बायका आधी हसतात.

निळ्या सायकलला परवा नवी टायर घातली. त्या पहाटे थोडी लांब गेले आणि परतायला उशीर झाला. रुळांपाशी आले तेव्हा गाडी निघून गेलेली, फाटक उघडं. आत्याबाई ओट्यावरच होत्या.

"गाडी केव्हाची गेली," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत वळल्या.